चढावरचं ओव्हरटेक

जे. पी. नगरच्या आमच्या चढावर वडिलांची जुनी गाडी, अजून पहिल्याच इंजिनावर, रोज सकाळी कण्हत असते. आणि रोज सकाळी एक आजोबा तिला चालत ओव्हरटेक करायचे. डोक्यावर माकडटोपी, पायात पांढरे बूट. पुढे जाताना उजवा हात काढून रीतसर सिग्नलसुद्धा द्यायचे. नाव विचारायला त्यांना मी कधी गाठूच शकलो नाही.

एकदा चिडून मी खिडकीतून ओरडलो, "आता बघाच! नवीन इंजिन बसवतोय!"

आजोबा जागीच थांबले. मी पोचेपर्यंत थांबूनच राहिले.

"ओरिजिनल इंजिन काढणार? नको अण्णा, नको! गाडीची किंमतच जाईल की!" कानडी हेलात असं म्हणत त्यांनी बॉनेटवर हात ठेवला, चटका बसला तरी उचलला नाही. मग बराच विचार करून म्हणाले, "तिला काही करू नका. मीच स्वल्प हळू चालतो."

तेव्हापासून चढावर मी पुढे असतो. आरशात आजोबा दिसतात, एकेक पाऊल जपून टाकत, मला हाताने 'जा, जा' करत.

शेजारी विचारतात, "गाडी जोरात पळते हल्ली. काय बदललंत?"

मी ऐटीत सांगतो, "काही नाही. सगळं ओरिजिनल आहे."