सुंदरकाकांची ‘शक्यता’

सुंदरकाका पंगतीतही माणसाच्या तोंडाकडे पाहत नसत, पोटाकडे पाहत. माझ्या बायकोचे हे काका. तंजावरात त्यांचं स्कॅन सेंटर. लग्नात नवा जावई म्हणून मला त्यांच्यापुढे उभं केलं, तर माझ्या कंबरेकडे बघत म्हणाले, “छान. चरबी भरपूर आहे. आतडी सुटी सुटी दिसतील.” स्वतः काका शेवग्याच्या शेंगेसारखे. बारीक माणसाच्या पोटात सगळं एकमेकांना चिकटलेलं दिसतं, वाचताना डोळे फुटतात, ही त्यांची कायमची तक्रार.

दुसरी खोड रिपोर्टाची. ‘शक्यता’ आल्याशिवाय त्यांचा रिपोर्ट संपत नसे. पापनाशमहून बसनं आलेला माणूस विचारायचा, आहे की नाही तेवढं सांगा. काका म्हणत, “फोटो बोलतो तेवढंच मी बोलतो, बाबा. बाकी तुकडा बोलेल.” तुकडा म्हणजे बायोप्सी. त्यांच्या पाठीमागे आम्ही सगळे त्यांना ‘डॉक्टर शक्यता’ म्हणायचो. नाव मीच ठेवलेलं.

मग माझं पोट दुखू लागलं. मी सांबाराला दोष देत तीन महिने काढले. स्कॅनमध्ये आतडी धरून ठेवणाऱ्या चरबीच्या पडद्यात गाठ निघाली. काकांनी कॉम्प्युटरच्या पडद्यावर बोट ठेवलं. “गाठीभोवती चरबीची काळी कड शाबूत आहे. शिरा ढकललेल्या नाहीत. साध्या सुजेची शक्यता. कॅन्सरचीही शक्यता. तुकडा काढ.”

मी म्हटलं, काका, घरच्या माणसाला तरी एकच काय ते सांगा.

“घरच्या माणसाला फुकट सांगतो. वेगळं सांगत नाही.”

निकाल येईपर्यंत मी हार घालायला स्वतःचा फोटो निवडून ठेवला, पंचविशीतला. बायको म्हणाली, हा कोण, असं लोक विचारतील. निकालात साधी सूज निघाली. “चरबी रागावली होती,” काका म्हणाले आणि पुढच्या पोटाकडे वळले.

गेल्या वर्षी काकांच्याच पोटात पाणी झालं. स्वतःच्याच मशीनमधून उठून ते पडद्यासमोर बसले आणि टायपिस्ट सेल्वीला सांगू लागले. पोटाच्या अस्तरावर सगळीकडे दाणे. चरबीचा पदर जाड. कॅन्सर. पूर्णविराम.

सेल्वीची बोटं थांबली. मी मागे उभा होतो. म्हटलं, “काका, टीबीही असाच दिसतो ना? तुम्हीच सांगितलं होतं. शक्यता लिहा की.”

“माझं पोट बारीक, म्हणून मला नीट वाचता आलं नाही, असं म्हणायचंय तुला?”

“हो.”

ते सेल्वीकडे वळले. “सरि, बरं. लिही, सेल्वी. टीबीची शक्यता. जावई रडायच्या बेतात आहे.”

तुकड्यानं ती शक्यता खोडली. काकांच्या सगळ्या रिपोर्टांत फोटोऐवजी माझ्याकडे बघून लिहिलेला शब्द तेवढा एकच.

शेवटच्या भेटीत त्यांनी माझ्या सैल झालेल्या शर्टाकडे बघितलं. “बारीक होऊ नकोस. पुढच्याला वाचायला अवघड जाईल.”

आता पंगतीत मी तिसरी पोळी मागतो तेव्हा बायको डोळे वटारते. मी तिच्या काकांचं नाव सांगतो. मग तीच वर तूप वाढते.