बिनकामाचं चालणं

भिवंडीच्या नारपोलीतली खोली सोडून आम्ही तिसऱ्या मजल्यावरच्या ब्लॉकमध्ये राहायला गेलो, तेव्हा नव्वदचं दशक नुकतंच लागलं होतं. आम्ही म्हणजे आई आणि मी. वडील मी शाळेत असतानाच गेले होते. मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते, ड्युटीभर कानाला हेडफोन लावून खुर्चीत बसायचं काम. आई जवळच्या लूमच्या कारखान्यात कांड्या भरायची. धोट्यात बसणाऱ्या त्या लहानशा कांड्यांवर सूत गुंडाळायचं आणि भरलेली टोपली मागांपर्यंत पोचवायची. दिवसभर उभी. घरी आली की सार्वजनिक नळावर रांग, मग हंडे, मग बाजार.

नव्या घरात स्वयंपाकघरातच नळ होता. पहिल्या दिवशी आईने तो उघडला, बंद केला, परत उघडला. ओट्याला हात लावून म्हणाली, "बरं झालं. आता कुठं जायला नको."

कारखाना तिने सोडला. मीच सोड म्हटलं होतं, आणि तिलाही ते पटलं होतं. आता मुलगी सरकारी नोकरीत होती. एक्स्चेंजमधली एखादी बाई घरी आली तर आईच्या केसांत कापसाची धूळ दिसायला नको, असं तिलाच वाटायचं.

पण त्या बिल्डिंगमध्ये दारं बंद असायची. शेजारच्या बायका भेटल्या तर जिन्यात भेटायच्या, हसायच्या आणि आत जायच्या. मी संध्याकाळी आले की आई खिडकीशी बसलेली असायची. खाली रस्त्यावरून रिक्षा, हातगाड्या, कापडाचे गठ्ठे लादलेले टेम्पो जात असायचे. "काय केलंस दिवसभर?" विचारलं की म्हणायची, "काय करनार? बसले." काही महिन्यांनी खिडकी उघडायलासुद्धा ती कंटाळा करू लागली.

वर्षभरात तिच्या पायांना सूज आली. जिना चढताना धाप लागायची, गुडघे धरायचे. डॉक्टरांनी तपासलं, रक्तदाब वाढला होता. गोळ्या लिहून दिल्या आणि म्हणाले, "मावशी, रोज सकाळी चालायला जा."

"कुठं जाऊ?" आईने विचारलं.

"कुठं म्हणजे? कुठंही. नुसतं चालायचं."

आईने माझ्याकडे बघितलं. बाहेर आल्यावर म्हणाली, "जलमभर चालले. तवा कुनी सांगितलं न्हाय, बरं करतेस म्हणून."

दुसऱ्या दिवशी मी तिला तलावाकडच्या रस्त्यावर घेऊन गेले. त्या रस्त्यावर सकाळी दोन तऱ्हेची माणसं दिसायची. एक, कारखान्यांतून रात्रपाळी संपवून खोलीवर परतणारे कामगार, लुंग्या आणि बनियनवर, भुवयांवर पांढरा कापूस. दुसरी, पांढरे कॅनव्हासचे बूट घालून हात हलवत फिरायला आलेली. वकील, डॉक्टर, सेठ. पहिली शहराकडे परतत, दुसरी शहराकडे पाठ करून जात. दोन्ही एकमेकांना ओलांडून जायची, पण बघायची नाहीत.

आई चपला घालून माझ्यामागे चालत होती. थोडं चालल्यावर ती थांबली. काहीच हातात नसल्यामुळे तिला हात कुठे ठेवावे ते समजत नव्हतं. पदर धरला, सोडला. इतक्यात परतणाऱ्यांपैकी एक जण थांबला. म्हातारा होता, तिकडचा, उत्तरेकडचा.

"मौसी, कुछ गिर गया क्या? क्या ढूँढ रही हो?"

"नहीं बाबा," आई म्हणाली. "ऐसेच."

तो आणखी थोडा वेळ जमिनीकडे बघत राहिला, मग गेला. आईचा चेहरा पार उतरला. घरी आल्यावर तिने चपला कोपऱ्यात ठेवल्या. "मी न्हाय येनार आता. लोकांना वाटतं, माझं काय हरवलंय."

मी खूप समजावलं. ती ऐकेना. मग मी एकटीच जाऊ लागले, कारण बसून बसून माझीही पाठ धरली होती. फिरणाऱ्या बायका घोळक्याने असायच्या. मी त्यांच्या मागून चालायची, नाहीतर पुढून. माझ्याशी कोणी बोलायचं नाही. मीही कधी कुणाशी बोलायला गेले नाही.

एकदा ड्युटी बदलली म्हणून मी दुपारच्या आत घरी आले, तर दाराला कुलूप. शेजारी विचारलं, त्यांना ठाऊक नव्हतं. दवाखान्यात गेले, बुद्धविहारात गेले. शेवटी नारपोलीच्या गल्लीत शिरले, तर नळावर आई. कमरेला पदर खोचलेला, डोक्यावर हंडा, आणि मागच्या बाईशी रांगेवरून भांडत होती. अगदी पूर्वीसारखी.

आमच्या जुन्या शेजारणीचा हात मोडला होता. आई तिचं पाणी भरायला रोज येत होती, मी कामावर गेले की, पायी. शेजारणीच्या खोलीवर पोचल्यावर मी म्हटलं, "रिक्षा का नाही केलीस?"

"रिक्षानं येऊन पानी भरू?" आई म्हणाली आणि शेजारीण हसली.

त्यांनी मला बसायला खुर्ची दिली. त्या खोलीत एकच खुर्ची होती, ती पुसून दिली. आई उंबऱ्यावर बसली, शेजारीण तिच्या बाजूला, चहाची कपबशी खाली जमिनीवर. दोघी नळाच्या, कारखान्याच्या, कुणाच्या सुनेच्या गोष्टी करत होत्या. लहानपणी मी त्याच उंबऱ्यावर बसून अभ्यास केला होता. त्या दिवशी उठून खाली बसावं असं मनात आलं, पण शेजारीण म्हणाली, "बाय, तू बस वर. साडी खराब होईल." मी वरच बसून राहिले.

शेजारणीचा हात बरा झाला, तरी आई जातच राहिली. तिचा रक्तदाब उतरला, पायांची सूज गेली. डॉक्टर खूश झाले. "चालताय ना रोज?" म्हणाले. आई म्हणाली, "पानी भरते." त्यांना वाटलं, तिला नीट ऐकू आलं नाही.

मग गल्लीत पाइप टाकले. घरोघर नळ आला. चांगलीच गोष्ट होती. आईनेच तिथल्या बायकांना पेढे वाटले. आईच्या लहानपणी गावात आमच्या लोकांचा पाणवठा वेगळा होता, गावाच्या खालच्या अंगाला. घरात पाणी येणं म्हणजे काय, हे तिला कुणी सांगायला नको होतं. पण सार्वजनिक नळ काढून टाकला, तिथे कुणीतरी मोटारसायकल उभी करू लागलं. पुढे शेजारीण मुलाकडे राहायला निघून गेली. आई आणखी काही दिवस गेली. बंद दारं बघून परत आली. मग जाणं थांबलं.

या वेळी गुडघे फार लवकर गेले. कुणीतरी सांगितलं, अकलोलीच्या गरम पाण्याच्या कुंडात बसवा. थंडीच्या दिवसांत मी तिला एसटीने घेऊन गेले. बायकांच्या आडोशाच्या कुंडात ती लुगड्यासकट उतरली. मी काठावर कपडे सांभाळत बसले.

तिच्या शेजारी एक जाड, गोरी बाई बसली होती. भिवंडीचीच, लूमवाल्या सेठची बायको. तीसुद्धा गुडघेच धरून बसली होती. बोलता बोलता आईने तिला विचारलं, "तुमको कैसे हुआ? तुमने तो कभी हंडा नहीं उठाया."

"इसीलिए हुआ," ती म्हणाली. "शादी के बाद पैदल बाजार तक नहीं गयी. हमारे यहाँ औरतें पैदल नहीं निकलतीं, लोग बात करते हैं. अब डॉक्टर बोलता है, चलो. किसके साथ चलूँ?"

आई कुंडाची कड धरून उभी राहिली. मग म्हणाली, "मेरे साथ चलो."

दोघी ओल्या पायांनी बाहेर आल्या, कपडे बदलले आणि जवळूनच वाहणाऱ्या नदीकडे निघाल्या. मी उठायला लागले, तर आईने हाताने बस म्हणून खूण केली. एकमेकींच्या खांद्याचा आधार घेत त्या पाण्यापर्यंत गेल्या, आणि तिथे बराच वेळ उभ्या राहिल्या. परत आल्या तेव्हा आईचा चेहरा कितीतरी दिवसांनी मोकळा झाला होता. त्या बाईला न्यायला गाडी आली होती. ड्रायव्हरने दार उघडलं. "अगले साल आना," ती म्हणाली. नाव विचारायचं दोघींच्याही लक्षात आलं नाही.

पुढच्या थंडीत आम्ही पुन्हा गेलो. आई कुंडात बसून दाराकडे बघत होती. बोटांची कातडी सुरकुतली, तरी बाहेर येईना. "यील का गं ती?" तिने दोनदा विचारलं. मी म्हटलं, येईल. कुणाला विचारणार होतो? भिवंडीत सेठ काय थोडे होते?

अखेरीस आई बाहेर आली, केस पिळले, कपडे बदलले. "मी पान्यापर्यंत जाऊन येते," म्हणाली.

"मी येते बरोबर."

"नको. तू बस."

ती निघाली. काठी घ्यायची नाही म्हणून हात थोडे लांब धरून, तोल सावरत. दगड आला की थांबायची, बाजूने वळसा घ्यायची. नदीशी पोचल्यावर ती काही करत नव्हती, पाण्यात हातही घातला नाही. नुसती उभी होती. मी कपड्यांची पिशवी मांडीवर धरून तिच्या पाठीकडे बघत राहिले. ऊन वर आलं, आमची एसटी सुटायची वेळ झाली, तरी तिला हाक मारावी असं मला वाटेना.