ज्ञानेश्वरची तीन नावं

आमची पलटण तेव्हा उत्तर सीमेवर, बर्फातल्या चौकीवर होती. मी नाईक हुद्द्यावर, रेडिओ माझ्याकडे. सेक्शनमध्ये आमच्या समुद्रपूर तालुक्यातला आणखी एकच जण, शिपाई ज्ञानेश्वर. गिरडजवळ त्याच्या घरची भाजीची वाडी.

हवालदारसाहेब पंजाबचे. त्यांना लांब नाव चालत नसे. "तूफान में पूरा नाम कौन सुनेगा?" म्हणत. पुरुषोत्तमचा मी पुरू झालो, ज्ञानेश्वरचा ग्यानी. त्यांच्याकडे ग्यानी म्हणजे गुरुद्वारातला विद्वान. हा दहावीला दोनदा बसलेला. सगळे हसत, तोही हसे.

घरी मात्र तो नानू. धाकट्या बहिणीला, सुमनला, लहानपणी ज्ञानेश्वर म्हणता येईना. तिच्या तोंडून नानू निघालं, तेच मायबापानं उचललं. हे त्यानं फक्त मला सांगितलं. "इथं कोनाले सांगू नको," म्हणाला.

त्या दिवशी सकाळची गस्त परतत होती. चौकी समोर दिसत होती. वरून बर्फाचा कडा सुटला. आम्ही बाजूला फेकले गेलो. उठून मोजणी केली. ग्यानी नव्हता.

फावड्यांनी खणलं, मग हातांनी. आधी खांदा लागला. श्वास चालू होता. त्याला चौकीत आणलं. मी रेडिओ घेतला.

"टायगर, चार्ली बोल रहा हूँ. एक कॅज्युअल्टी. हेलिकॉप्टर चाहिए. ओव्हर."

"मौसम खराब. वेट. आउट."

हवालदारसाहेब त्याचे हात चोळत होते. "ग्यानी! आँखें खोल!" काही नाही. मी पूर्ण नाव घेतलं. काही नाही. मग कानाशी वाकून म्हणालो, "नानू."

ओठ हलले. "आलो वं, सुमे."

तेवढंच. हेलिकॉप्टर आलं तेव्हा घाई उरली नव्हती.

पेटीबरोबर मी गावी आलो. सोबत आलेल्या अधिकाऱ्यानं त्याचा हुद्दा आणि पूर्ण नाव वाचलं. सलामी झाली. सुमननं मला बाजूला बोलावलं.

"भाऊ, शेवटी काई बोलला का तो?"

मी सांगितलं. ती तिथंच मातीत बसली.

आता मी निवृत्त आहे, सावंगीला राहतो. गेल्या महिन्यात सुमनच्या मुलाच्या बारशाला गेलतो. नाव ज्ञानेश्वर ठेवलं. एक मावशी पाळण्यात वाकून लाडानं म्हणाली, "आला व्हय आमचा नानू!"

सुमननं पाळणा थांबवला.

"नाई, मावशी. याचं पूर्ण नाव घेजो. नानू एकच होता."