बिनआवाजाची बटणं

मी झेरॉक्स मशीन दुरुस्त करतो. दिंडोशी कोर्टाच्या आसपास जेवढी झेरॉक्सची दुकानं आहेत, त्यातल्या निम्म्या दुकानांचा डॉक्टर मीच. कागद अडकला, कॉपीवर काळा पट्टा यायला लागला की फोन मला. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे मी जी माती खाल्ली ती या धंद्यातल्या माणसाने तर अजिबातच खायला नको होती.

माझा मोठा भाऊ, दादा, भांडुपला राहतो. मरोळच्या एका वर्कशॉपमध्ये तो डाय बनवायचा, म्हणजे पत्रा दाबायचे लोखंडी साचे. घासलेल्या लोखंडावरून बोट फिरवून सांगायचा, "अजून जरा खा इथे," म्हणजे अजून घास. मापाचं यंत्र नंतर लावायचे, आणि ते दादाच्याच बाजूने बोलायचं. मागच्या वर्षी शिमगा होऊन आठवडा झाला असेल. सकाळी दाढी करताना त्याच्या हातातलं रेझर पडलं आणि त्याला ते उचलता येईना. उजवी बाजू गेली होती. पाय महिन्याभरात वळणावर आला. हात मात्र तसाच लोंबत राहिला.

फिजिओथेरपीच्या मॅडम घरी यायच्या. त्यांनी माझ्यासमोर सांगितलं होतं, मी तिथे कॉटवर बसलो होतो, ऐकलं नाही असं मला म्हणता यायचं नाही. "बोटं हलवत राहा. पहिले सहा महिने फार महत्त्वाचे आहेत. आत्ता जे परत येईल ते येईल, नंतर खूप जड जातं." आणि त्यांनी दादाच्या हातात एक मऊ रबरी बॉल दिला. मॅडम जिना उतरून गेल्या. मग दादा तोंड वाकडं करून, म्हणजे ते वाकडंच झालं होतं तेव्हा, म्हणाला, "मी काय कुत्र्याचं पिल्लू आहे काय रे, बॉल खेळायला?"

तेव्हा मला ते डोक्यात आलं. लहानपणी भांडुप स्टेशनजवळ व्हिडिओ गेमचं एक पार्लर होतं. आमच्या दोघांत मिळून एकच नाणं असायचं, म्हणून आम्ही एकाच मशीनवर दोघं उभे राहायचो. दांडा माझ्याकडे, बटणं दादाकडे. मी माणसाला पळवायचो, उडी आणि गोळी दादाची. मी कधी खड्ड्यात घातला की टपली बसायची, "मेल्या, डोळे घरी ठेवून आलास काय?" पण बटणांवर दादाची बोटं चालायला लागली की मागे पोरं जमायची.

मी एका रविवारी प्लायवूडचा खोका बनवला. वर एक दांडा, सहा गोल बटणं, आत दाबलं की टक वाजणारे साधे मायक्रोस्विच, जुने गेम भरलेलं एक छोटं कार्ड, आणि वायर त्यांच्या टीव्हीला. दादाने डाव्या हाताने स्वतःचा उजवा हात उचलला आणि सामान ठेवावं तसा बटणांवर ठेवला. बराच वेळ काही झालं नाही. मग टक. दादाने माझ्याकडे बघितलं. परत टक. तो हसला, अर्ध्याच तोंडाने, पण हसला. वहिनी ओट्याकडे तोंड करून उभी राहिली आणि उगाचच नळ सोडला.

तीन आठवडे तो खेळला. आधी नुसतं पहिलं बोट. तिसऱ्या आठवड्यात मधलं बोटही दबकत दबकत यायला लागलं. मॅडम म्हणाल्या, "हे काय केलंत, फारच छान!" माझी कॉलर ताठ.

वहिनी घरीच पहिली ते चौथीच्या मुलांच्या शिकवण्या घेते. बाहेरच्या खोलीत चटई टाकून आठ-दहा पोरं. आत टकटक सुरू झालं की पोरांचे कान आत. एकाने एकदा विचारलं, "टीचर, काका गेम खेळतात?" आणि सगळी खो खो हसली. पोरंच ती, त्यात काय. पण दादाला ते लागलं. मी रविवारी गेलो तेव्हा हळूच म्हणाला, "आवाज नसलेलं काही मिळतं का रे? पोरं बसलेली असतात."

"मिळतं म्हणजे? झकास करून देतो," म्हणालो, आणि उठून वायर काढायला लागलो. दादा बघत राहिला.

"आत्ताच नेतोस?"

"पंधरा दिवसांत आणतो रे. एकदाच काय ते फिट करून आणतो."

खोका काखेत मारून मी जिना उतरलो. आजही तो जिना आठवला की मला स्वतःच्या कानाखाली एक ठेवून द्यावीशी वाटते.

आवाज न करणारे स्विच असतात, ऑप्टिकल म्हणतात. आत एका बाजूला डोळ्याला न दिसणारा उजेड, समोर तो टिपणारा डोळा. मध्ये पट्टी आली की उजेड तुटतो आणि बटण दाबलं गेलं असं मशीनला कळतं. धातूवर धातू आपटतच नाही, मग आवाज कुठून येणार? परदेशातली हौशी मंडळी स्वतःच्या गेमच्या खोक्यात हे लावतात, हे मी व्हिडिओत बघितलं होतं. बस्स, मला तेच हवे होते. ऑर्डर केले. महिना गेला, मग निरोप आला की माल संपला, पैसे परत. दुसरीकडे मागवले, ते आले तर बूडच वेगळं, माझ्या बटणांना बसेना. घाटकोपरच्या एका दुकानदाराने छातीठोकपणे ऑप्टिकल म्हणून कीबोर्डचे स्विच गळ्यात मारले. त्यात उजेड होता, खरंय, पण वर मुद्दाम आवाजाची तार बसवलेली, टायपिंगची मजा यावी म्हणून! मुलुंडला एक गृहस्थ असे खोके बनवून विकतात असं कळलं, तिथे दोन रविवार घालवले. त्यांनी चहा पाजला, स्वतःचे खोके दाखवले आणि तिसऱ्याच माणसाचा नंबर दिला.

रविवार, रविवार. दर रविवारी मी भांडुपला जायचो, तो रविवार आता बटणांच्या मागे जात होता. सुरुवातीला दादाचा फोन यायचा, "मिळाली का रे?" एकदा मी मशीनखाली आडवा पडलेलो, तोंडावर टोनरची भुकटी, आणि त्याचा फोन. मी खेकसलो, "अरे दादा, ती काय बटाटे आहेत, गेलो आणि घेऊन आलो?" तो म्हणाला, "बरं, बरं. नको एवढी दगदग." त्यानंतर त्याने विचारलं नाही. मला वाटलं, चला, समजूतदार आहे.

बायको एकदा म्हणाली, "जुनी बटणं आहेत ना, तोवर तो खोका देऊन या की त्यांना." मी म्हटलं, "तुला नाही कळायचं त्यातलं." तिला सगळं कळत होतं.

खरं सांगायचं तर मला शोधायला आवडत होतं. आणि त्याहून खरं म्हणजे, मला तो हात बघवत नव्हता. ज्या हाताने मला टपल्या मारल्या, सायकल धरली, तो हात मांडीवर पालथा पडलेला बघत दोन-दोन तास बसायचं माझ्याने होत नव्हतं. बटणं शोधतोय म्हटलं की दादासाठीच काहीतरी करतोय असं वाटायचं आणि दादासमोर बसावंही लागायचं नाही. हे मला तेव्हा कळलं नाही असं म्हणणार नाही. थोडं थोडं कळत होतं.

गणपती होऊन गेले. नवरात्रही संपत आलं होतं. कोर्टाबाहेरच्या दुकानात मी कागद अडकणारं एक मशीन उघडून बसलो होतो. कागद आला की एक छोटी काळी पट्टी वर उचलली जाते आणि इंग्रजी यू अक्षरासारख्या एका प्लॅस्टिकच्या तुकड्यातून जाते. तेवढ्यावरून मशीनला कळतं की कागद आला. हा तुकडा मी आजवर हजार वेळा पुसलाय, बदललाय. त्या दिवशी तो बोटांत धरला आणि हात तसाच राहिला. एका पायात उजेड, दुसऱ्या पायात डोळा. मधून पट्टी जाते, आवाज शून्य. आईशप्पथ! गावभर मी जे शोधत होतो ते माझ्या बॅगेत होतं. जुन्या मशीनमधून काढून ठेवलेले असे दोन मुठी तुकडे एका डब्यात पडले होते. दुकानदार म्हणाला, "काय झालं शेठ? मशीनची वाट लागली का?" मी म्हटलं, "मशीन ठीक आहे."

दोन संध्याकाळींत काम झालं. प्रत्येक बटणाखाली हलकी स्प्रिंग, पट्टी, तो तुकडा, आणि बटण तळाला लागू नये म्हणून स्पंजची चकती. नुसतं बोट टेकवलं तरी चालायचं. फुंकर मारली तर जास्त आवाज होईल असं काम. मला स्वतःचाच अभिमान वाटला, काय सांगू.

रविवारी खोका घेऊन भांडुपला गेलो. दादा बारीक झाला होता. बोटं तळव्यात मुडपलेली होती, वहिनीने ती एकेक करून उघडली आणि हात बटणांवर ठेवला. मी गेम लावला. पडद्यावरचा माणूस उड्या मारायला लागला, थांबेचना. दादा गोंधळला. हाताकडे बघितलं, टीव्हीकडे बघितलं, परत हाताकडे.

"हे मी करतोय?" त्याने विचारलं.

"तूच की! बोट टेकलंय तुझं."

"कुठलं?"

मला प्रश्नच कळेना. वहिनी म्हणाली, "भावोजी, त्यांना त्या हाताला काही लागलेलं कळत नाही. पहिल्यापासूनच. गरम नाही, गार नाही. मॅडम म्हणायच्या ना, बघून आणि ऐकूनच शिकायचं."

मी दादाकडे बघितलं. "मग तुला आधी कसं जमत होतं?"

"टक वाजायचं की," दादा म्हणाला. "वाजलं की कळायचं, बोट गेलं. हात बघत बसलो तर टीव्ही कोण बघणार? आवाजावर चाललं होतं माझं."

"अरे मग तूच म्हणालास ना, आवाज नको?"

"पोरं बसलेली असताना नको म्हणालो रे. चार ते सहा." तो चिडलेला नव्हता, तेच वाईट. "दोन तास. बाकी दिवस माझाच होता."

मग मी म्हणालो, "सांगायचंस ना."

"तू खोका उचललास," दादा म्हणाला.

वहिनी चहा ठेवायला गेली. तिकडूनच, मला ऐकू जावं म्हणून की नको म्हणून कोण जाणे, म्हणाली की पहिले काही दिवस हे टेबलाच्या कडेवर बोटं ठेवून बसायचे, सवय राहावी म्हणून. मग बसेनासे झाले.

दुसऱ्या दिवशी कामं टाकून मी परत गेलो आणि तिथेच बसून सहाच्या सहा जुने स्विच लावले. ते कोणीही देतं, कुठल्याही दुकानात. तुकडे काढले नाहीत, नुसते बाजूला केले. दादाने हात ठेवला. पहिलं बोट बटणावर होतं. त्याची मान ताठ झाली, कपाळावर घाम आला, खांदा उचलला गेला. बोट थरथरलं. वैशाखात जे बटण तो दिवसातून शेकडो वेळा दाबत होता, ते खाली गेलं नाही. आम्ही तिघं आवाजाची वाट बघत होतो. शेजारच्यांच्या कुकरची शिट्टी झाली.

"राहू दे," दादा म्हणाला. "जड आहेत रे आता ती."

सहा महिने. मॅडमनी सांगितलेले ते सहा महिने कधीच सरले होते. त्यातला बहुतेक काळ तो खोका माझ्या घरी कपाटावर होता, चालू स्थितीतला, आवाज करणारा. मी त्यावर उशीचा अभ्रा टाकला होता, धूळ बसू नये म्हणून. पुढे मॅडम मला म्हणाल्या, "तुमच्यामुळेच असं म्हणता यायचं नाही, प्रत्येकाचं वेगळं असतं." चांगल्या आहेत त्या. पण ते मधलं बोट मी स्वतः बघितलं होतं, दबकत येताना.

मी डोकं खाली घालून स्क्रू पिळत होतो. हलकी बटणं परत लावत होतो, निदान माणूस उड्या तरी मारेल म्हणून. दादा पुढे झुकला. मग डाव्या हाताने त्याने मला टपली मारली. नेम चुकला, कानाला लागली.

"दांडा घे," म्हणाला.

"आणि बटणं? तुला कळणार कसं?"

"तू सांग ना. लागलं की सांग."

आता दर रविवारी मी भांडुपला जातो. दांडा माझ्याकडे, बटणं दादाकडे. माझी नजर टीव्हीवर नसते, त्याच्या बोटांवर असते, त्यामुळे आमचा माणूस सारखा खड्ड्यात पडतो. दर वेळी बोट टेकलं की मी म्हणतो, "लागलं." उचललं की म्हणतो, "सुटलं." दोन तास तेवढंच बोलतो. याला कुठलंही सामान लागत नाही. हे मला पहिल्या दिवसापासून करता आलं असतं.