डबाभर शिरा

तुपात रवा भाजल्याचा वास आला की मला पिंपरीतल्या हॉस्पिटलमधली ती दुपार आठवते. ॲनोरेक्सियानं माझी लेक जेवणालाच भिऊ लागली होती, अंगात काही उरलं नव्हतं. सासूबाईंनी डबाभर शिरा आणला. सिस्टरनं दोनच चमचे देऊ दिले. ते संपवून लेक कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच म्हणाली, "आई, अजून दे." सिस्टरनं माझा हात धरला. "नको ताई. उपाशी शरीरात एकदम अन्न गेलं तर हृदयाला झेपत नाही. हळूहळूच वाढवायचं." सासूबाई कळवळल्या, "अवं, पावण्याला बी आमी एवढ्यावर उठू देत न्हाई!" लेक डब्याकडं बघत होती, आणि मी झाकण लावलं. आता ती पोटभर जेवते. पण "अजून वाढ" म्हणाली की माझ्या हातातला डाव क्षणभर तसाच थबकतो.