चार बोटं बर्फ आणि बाबांचा शेवटचा खड्डा

पुढच्या महिन्यात बाबा कतार सोडून कायमचे नाशिकला जाणार. इतकी वर्षं वाळूत काढलेल्या माणसाची एकच इच्छा होती: बर्फातून चालत एखादी खिंड गाठायची. म्हणून आम्ही दोघं दोह्याहून जॉर्जियाला निघालो. कतारच्या रेसिडेन्सीवर आम्हाला व्हिसा लागला नाही. पण नियम बदलतात, तुम्ही तपासा. मी चार वेळा तपासले.

तिबिलिसीहून गुदाउरी या डोंगरातल्या गावापर्यंत टॅक्सी केली. भाडं बसण्याआधीच ठरवा. वाटेत राजमा भरलेली गरम पोळी मिळाली. "मिठाची पुरणपोळी!" म्हणत बाबांनी दोन संपवल्या.

सकाळी उठलो तर चार बोटं नवा बर्फ.

"एवढ्याशाला काय घाबरायचं? यल्ला!" बाबा निघालेसुद्धा.

माझा पाय उचलेना. दोह्यात बाबांचं काम पाइपलाइनचे चर तपासायचं. चराच्या भिंतीला स्वतः हात लावल्याशिवाय ते कुणाला खाली उतरू देत नाहीत. मी शाळेत जायला लागण्याआधी, दोह्यातल्याच मुऐदर भागातल्या आमच्या जुन्या घरामागच्या मोकळ्या जागेत त्यांनी मला मातीचे थर दाखवले होते: "वरचं सोड. त्याला खाली कोण धरून आहे, ते बघ."

मी आमचा गाइड लेवान याला विचारलं, "रात्री वारा किती होता?"

त्याने खिंडीखालच्या उताराकडे बोट दाखवलं. वाऱ्याने पलीकडचा बर्फ उडवून तिथे आणून टाकला होता. इथे चार बोटं, तिथे गुडघाभर. मग त्याच दिशेला तोंड असलेल्या एका छोट्या, सुरक्षित उतारावर त्याने फावड्याने खड्डा खणला. वर मऊ नवा थर, मध्ये कडक पापुद्रा, त्याखाली कोरड्या साबुदाण्यासारखे सुटे दाणे. बाबांनी हातमोजा काढून भिंतीत बोटं घातली. दाणे घरंगळले.

लेवानने बर्फाचा एक खांब कापून वर फावडं ठेवलं आणि थापट्या मारल्या. आधी मनगटातून दहा, मग कोपरातून. तेराव्या थापटीला वरचा ठोकळा त्या दाण्यांवरून सरकून माझ्या बुटांवर आला. "आपल्या वजनाने तो मोठा उतारही असाच सुटू शकतो," लेवान म्हणाला.

"मनू, एकदाच तर जायचंय," बाबा हळूच म्हणाले.

"तुमच्या माणसाला उतरू दिलं असतं, बाबा?"

ते खिंडीकडे बघत राहिले. मग लेवानला म्हणाले, "खलास."

आम्ही सपाटीवरून ओढ्यापर्यंत चाललो, दशम्या खाल्ल्या. आम्ही परत निघेपर्यंत त्या उतारावर काहीच कोसळलं नाही, हेही लिहायला हवं. दोह्यात अबू हमूरच्या आताच्या घरी येऊनही मला तेच टोचत होतं: त्यांची एकुलती इच्छा मी उगाच मोडली का?

रात्री बाबांनी घरच्या ग्रुपवर एकच फोटो टाकला: खड्डा, आणि त्यात त्यांचा हात. नाशिकहून आत्याने विचारलं, "अरे दादा, डोंगर कुठाय? हा तर खड्डा!"

बाबांनी लिहिलं, "नोकरीतला शेवटचा. पोरीने पास केला नाही."

खाली त्यांनी हसरा चेहरा टाकला. मग तोच फोटो त्यांनी मोबाइलच्या पडद्यावर लावला.