नळानं लाजावं असं पाणी

वस्ती तिला टाकीबाई म्हणायची. ऐंशी घरांचं संडास-मोरीचं पाणी उतारानं जिथं गोळा होतं, तिथं ती नऊ वर्षं राबत होती. पहिल्या टाकीत गाळ बसायचा, मग पाणी खडीच्या वाफ्यांत शिरायचं. वाफ्यांत कर्दळ नुसती माजलेली. तिच्या मुळांतून झिरपत पाणी शेवटच्या हौदात यायचं ते नितळ, तिथून ओढ्याला. चहूकडं दाट रान, पाऊस बाराही महिने. एक दिवस पाला ओढला नाही की खडी तुंबलीच. म्हणून दंताळं तिच्या हातातून सुटत नसे.

खोड एकच, बाईला मिरवायची भारी हौस. कुणी बघायला आलं की काचेची बाटली हौदात बुडवायची न् उन्हाला धरायची. "बघा, नळानं लाजावं!"

नळाची तर यंदा अब्रूच गेली होती. वर दरड कोसळल्यापासून तीन आठवडे त्याला तांबडा चिखल येत होता.

त्यातच टाकीबाईच्या नातीला जुलाब लागले. तीन वर्षांची पोर, चार दिवसांत डोळे खोल गेले. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "पाणी कुठलं पाजता?"

"स्वच्छ असतं की," सून म्हणाली. "आजेसासूबाई पहाटे भरून आणतात."

टाकीबाईला वाटलं, आपली म्हातारी सासू झऱ्यावर जात असेल.

दुसऱ्या दिवशी पाला फार पडला असणार म्हणून ती तासभर आधीच कामावर गेली आणि वाफ्याच्या कडेलाच थिजली. हौदावर वाकून तिची सासू कळशी बुडवत होती. मागं सहा बायका हंडे घेऊन रांगेत.

"आत्याबाई! काय करताय हे?"

"पाणी भरतेय, दुसरं काय? नळाला नुसता राडा येतोय."

"अहो, संडासाचं आहे ते!"

"होतं," म्हातारी ठसक्यात म्हणाली. "तू धुतलंस की. साऱ्या जगाला तूच सांगत फिरतेस ना?"

रांगेतली एक हसली. "घरच्यांनी प्यायचं न् आम्हाला चोरी होय गं?"

टाकीबाईनं मनाशी दिवस मोजले. तीन आठवडे! सकाळचा चहा, पोरीची पेज, सगळं याच पाण्यात.

"उकळत होता ना तरी?"

"एवढं नितळ पाणी, उकळायचं कशाला?"

"आत्याबाई, खडीत घाण अडकते, रोग नाही अडकत. आपल्या पोरीला याच पाण्यानं..."

म्हातारीच्या हातातली कळशी सुटली. "मी पाजलं गं तिला. माझ्या हातानं. दिवसातून चारदा."

"पळा घरी. माठ पालथा करा, पोरीला दवाखान्यात न्या. मी आलेच."

म्हातारी ठेचकाळत निघाली. बायका मात्र हलेनात. शेवटची चाचरत म्हणाली, "घरात थेंब नाही गं. आजचा एकच हंडा..."

टाकीबाई लुगडं खोचून दंताळ्यासकट हौदात उतरली. तळाचा काळा गाळ तिनं खसाखसा उपसून वर आणला. पाणी डांबरासारखं झालं, नाकाला पदर लावावा अशी घाण सुटली.

"भरा आता!"

हंडे रिकामेच परत फिरले, रांग पांगली. ती कमरेइतक्या घाणीत ढवळतच राहिली. हात जरा थांबला की गाळ खाली बसू लागायचा, आणि वाफ्यातून येणारी नितळ धार पाणी पुन्हा पारदर्शक करायला निघायची.